काजळीचा हंगाम

दसरा-दिवाळीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर बॉयलर अग्निप्रदीपनाचे कार्यक्रम होतात. एखादं जोडपं पूजेला बसतं, नारळ फुटतो, भट्टीत पहिला जाळ पडतो. मग गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू झालं की ऊस संपेपर्यंत चिमणी थंड होत नाही. कळंब तालुक्यात रांजणी आणि चोराखळी, धाराशिव तालुक्यात ढोकी आणि केशेगाव, तिकडे उमरग्यात मुरूम, परंड्यात सोनारी. बालाघाटच्या उघड्याबोडक्या पठारावर या चिमण्या लांबून दिसतात आणि रात्री त्यांच्या दिव्यांवरून वाटसरू गाव ओळखतो.

हा धूर इथल्या लोकांना नकोसा नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. चिमणी पेटली म्हणजे ऊस जाणार, बिल निघणार, सोसायटीचं देणं फिटणार, पोरीच्या लग्नाची तारीख धरता येणार. दुष्काळाच्या वर्षी चिमणी पेटलीच नाही की काय होतं, हे या जिल्ह्याने २०१२-१३ला पाहिलं, २०१५-१६ला पाहिलं. ढोकीचा तेरणा कारखाना तर वर्षानुवर्षं बंद होता. कामगारांच्या थकलेल्या पगारांची आणि शेतकऱ्यांच्या अडकलेल्या पैशांची ती वर्षं होती. अलीकडे तो भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला तेव्हा परिसराला हायसं वाटलं, आणि ते खरं होतं.

म्हणूनच या धुराविषयी बोलायला जड जातं. ज्याच्या अंगणात काजळी पडते त्याच्याच उसाचं चिपाड त्या बॉयलरखाली जळत असतं. तो सभासद आहे, त्याचा भाऊ केनयार्डवर आहे, मेहुणा स्लिपबॉय आहे, ट्रॅक्टरचा हप्ता वाहतुकीच्या बिलातून फिटतो. तक्रार करायची ती कुणाविरुद्ध? चेअरमनविरुद्ध? उद्या आपल्या उसाला तोड आली नाही तर? उसाची नोंद, तोडणीचा क्रम आणि बिलाची तारीख ज्याच्या हातात आहे त्याला कुणी चिमणीचा हिशेब विचारत नाही. गावातला माणूस खोकतो आणि म्हणतो, थंडीचं आहे, जाईल.

कारखान्याजवळच्या गावात गच्चीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर नीट पाहावं. त्यावर काळे, हलके, तुकड्या-तुकड्यांचे कण बसलेले असतात. बायका ते हाताने पुसत नाहीत, कारण पुसलं की रेघ उमटते आणि डाग जात नाही. त्या कपडा झटकतात किंवा फुंकर मारतात. पापड-कुरडया घालायच्या तर वाऱ्याची दिशा बघतात, माठावर फडकं बांधतात, पाण्याच्या टाकीचं झाकण दगड ठेवून घट्ट करतात. काजळी हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते आजाराच्या यादीत नाही, घरकामाच्या यादीत आहे.

ही काजळी येते कुठून, याचं गणित अवघड नाही. शंभर टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस, म्हणजे चिपाडाचा भुसा, निघतो. निम्मं त्यात पाणीच असतं. दिवसाला अडीच हजार टन गाळणाऱ्या मध्यम कारखान्यातून सातशे-साडेसातशे टन बगॅस निघतो, आणि त्याचा मोठा भाग तिथल्या तिथे बॉयलरमध्ये जातो. त्याची राख दीड-दोन टक्के धरली तरी रोजची दहा ते पंधरा टन होते. त्यातली काही खाली जाळीतून पडते, काही धुराबरोबर वर निघते. वर जाणारी पकडायला पाण्याचे फवारे मारणारा वेट स्क्रबर असतो किंवा विजेच्या भाराने कण ओढून घेणारी इएसपी असते. यंत्रं चालू आणि धड असली तर चिमणीतून थोडी राख बाहेर पडते. नोझल बुजले, फवाऱ्याचं पाणी कमी पडलं, बगॅस जास्त ओला आला, बॉयलरवर जास्तीचा भार टाकला की ती गावावर येते. हंगामाच्या शेवटी, जेव्हा उरलेला ऊस संपवायची घाई असते, तेव्हा यंत्राची दुरुस्ती पुढच्या वर्षावर टाकायचा मोह होणारच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सतरा अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या यादीत साखर आहे आणि आसवनीही आहे. २०१६च्या नियमांप्रमाणे साखर कारखान्याच्या चिमणीतून दर घनमीटर धुरात १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण जाता कामा नयेत. श्वासाच्या हवेचं मानक वेगळं आहे. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांसाठी देशाची मर्यादा चोवीस तासांना ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीला ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच वार्षिक पातळी ५ वर आणली. चिमणीचं मानक मिलिग्रॅममध्ये, छातीचं मायक्रोग्रॅममध्ये. मधला हजारो पटींचा फरक उंचीने आणि वाऱ्याने भरून काढायचा, अशी अपेक्षा असते. उन्हाळ्याच्या दुपारी ती बरीचशी पुरीही होते. पण गाळप हिवाळ्यात चालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या निरभ्र रात्री पठारावरची जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून थंड हवेचा थर बसतो आणि त्याच्यावर उबदार हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी राहते. त्या थरात अडकलेला धूर वर जात नाही, उतारावरून वस्तीकडे सरकतो. पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाला रस्त्यावर जे धुकं लागतं त्याला कधीकधी गोडसर जळका वास येतो, तो यामुळे. हिवाळ्यात वारा बहुतेक ईशान्येकडून आणि पूर्वेकडून असतो, म्हणून चिमणीच्या नैर्ऋत्येची आणि पश्चिमेची गावं जास्त भोगतात.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. धोतरावर दिसणारी काजळी ही छातीसाठी सगळ्यात वाईट नव्हे. ती मोठी असते, नाकात अडकते, शिंकरल्यावर काळी निघते. फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतात ते कण डोळ्याला दिसतच नाहीत. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक. ते तिथून रक्तात उतरतात. म्हणून धुराचे रोग नुसते दम्याचे नसतात, हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचेही असतात. भारतात २०१९ या एका वर्षात प्रदूषित हवेने सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले, असा अंदाज लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये २०२०ला प्रसिद्ध झाला. त्यात घरातल्या चुलीचा धूरही धरला होता. काजळी कमी दिसली म्हणून बारीक कण कमी झाले, असं मानता येत नाही.

सगळ्यात जास्त धूर कुणाच्या वाट्याला येतो? माझ्या मते ऊसतोड कामगारांच्या. बीडच्या आणि याच जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंबच्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्याच्या अड्ड्यावर उतरतात. त्यांच्या कोप्या पाचटाच्या, चिमणीपासून हाकेच्या अंतरावर. पहाटे तीनला चूल पेटते, तिचा धूर कोपीत. फडात पाचट जाळलं जातं, त्याचा धूर फडात. मजूर कमी पडले की उभा फड पेटवून जळीत ऊस तोडायचा, त्याची राख अंगभर. संध्याकाळी परत आल्यावर बॉयलरचा धूर. आईच्या पाठीमागे फडात गेलेल्या मुलाच्या वाट्याला हे चारही येतात, आणि त्या मुलाचं नाव या गावच्या अंगणवाडीच्या पटावर नसतं, उन्हाळ्यात परत गेल्यावर तिकडच्या पटावरही त्या महिन्यांची नोंद नसते.

कारखान्याच्या आत आणखी एक आजार आहे, ज्याचं नाव क्वचित ऐकू येतं. साठवलेल्या ओल्या बगॅसवर बुरशीसारखे सूक्ष्मजीव वाढतात. पुढे तो बगॅस सुकून हलवला की त्यांचे बीजाणू धुळीबरोबर उडतात. ते छातीत गेले की काही तासांनी, बहुधा संध्याकाळी घरी गेल्यावर, ताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. सुट्टी घेतली की बरं वाटतं, कामावर गेलं की पुन्हा तेच. याला बॅगॅसोसिस म्हणतात. अमेरिकेतल्या लुइझियानात १९४१ साली त्याचं वर्णन झालं, भारतात १९५५ साली. नुकसानभरपाईच्या केंद्रीय कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या तिसऱ्या परिशिष्टात हा आजार नावानिशी आहे. पण क्ष-किरणात डाग दिसले, वजन घटलं, खोकला महिनाभर आहे, तर इथला डॉक्टर आधी क्षयाचा विचार करणार, आणि त्याला दोष देता येत नाही. प्रश्न इतकाच की रोग्याला तुम्ही बगॅस यार्डात काम करता का, हे विचारलं जातं का? त्यात भर म्हणजे १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने साखर कारखान्यांना हंगामी म्हणून बाहेर ठेवलं. म्हणजे ज्या विमा दवाखान्यात कामगाराची छाती नेमाने तपासली गेली असती, तो दवाखानाच त्याच्या वाट्याला आला नाही.

कारखान्याच्या धुराबद्दल बोलताना भूम-वाशीकडच्या खवा भट्ट्या विसरता येणार नाहीत. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. दुष्काळी माणसाने दुधाच्या जोरावर उभा केलेला हा धंदा आहे. पण भट्टी लाकडावर चालते. कढईतलं दूध आटेपर्यंत हलवत राहणारा माणूस जाळाच्या तोंडाशी असतो, वर पत्रा, बाजूला आडोसा, धूर निघायला नीट वाट नाही. चिमणीचं मानक त्याला लागू नाही, प्रदूषण मंडळाचा माणूस तिथे येत नाही. सिगारेट-बिडी कधी न ओढलेल्या माणसालाही सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट दम लागण्याचा आजार, होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९च्या लॅन्सेटमधल्या लेखात ठासून मांडलं, तेव्हा त्यातलं मोठं कारण हाच लाकूड-शेणाचा धूर होता. भट्टीला चांगलं धुराडं बसवायला किंवा वाफेवर खवा आटवायला पैसा लागतो. मानांकनाच्या निमित्ताने येणाऱ्या योजनांत तो पहिल्यांदा ठेवावा.

खडी क्रशरचं थोडक्यात. सोलापूर-येडशी आणि येडशी-औरंगाबाद महामार्गाच्या चौपदरीकरणात जिल्ह्यातले डोंगर फुटले, आता रेल्वेसाठी फुटत आहेत. इथला दगड काळा बेसाल्ट आहे, त्यात मोकळी सिलिका कमी, म्हणून राजस्थानच्या खाणींसारखा सिलिकोसिस इथे होत नाही असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण धूळ ती धूळच. क्रशरपासून चाळीस मीटरवर तिचं प्रमाण सहाशे मायक्रोग्रॅमच्या आत असावं असा नियम आहे. पाण्याचे फवारे टँकरवर अवलंबून, आणि उन्हाळ्यात टँकर आधी कुणाला मिळतो ते सांगायला नको.

आता मोजणीकडे वळतो, कारण मला या लेखात मुख्यतः तेच म्हणायचं आहे.

२०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवा मानकात न बसणाऱ्या शहरांची यादी झाली. तीत पूर्वेचं लातूर आहे, दक्षिणेचं सोलापूर आहे. मधला धाराशिव नाही. कारण ती यादी शहरांची आहे, आणि शहरं यादीत आली ती तिथे आधीपासून मोजणी होत होती म्हणून. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६.५७ लाख होती, तिच्यातले पाचांत चारांहून जास्त लोक खेड्यांत. त्यांच्या हवेचा आकडा नाही. आकडा नाही म्हणून यादीत नाव नाही, यादीत नाव नाही म्हणून निधी नाही, यंत्र नाही, म्हणून पुन्हा आकडा नाही. श्वसनाच्या तातडीच्या रुग्णांवर लक्ष ठेवणारी प्रहरी रुग्णालयंही बहुतांशी त्याच यादीतल्या शहरांत आहेत. नीती आयोगाने २०१८ला आकांक्षित म्हणून निवडलेल्या या जिल्ह्याचे पोषण आणि शिक्षणाचे निर्देशांक दर महिन्याला दिल्लीत पाहिले जातात, हवेचा नाही.

मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदी नाहीत असं नाही. ओपीडीची वही आहे. नेब्युलायझर दिल्याची नोंद आहे, कुठे नीट, कुठे अर्धवट. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यात सीओपीडीसाठी वेगळा भाग आहे: स्वयंपाकाला कोणतं जळण वापरता, पीक अवशेष जाळण्याच्या कामात असता का, धूर-धुळीच्या उद्योगात काम करता का. हे प्रश्न कुणीतरी विचार करून घातले आहेत. चिमणीपासून घर किती लांब, हा एक प्रश्न तेवढा नाही. आणि भरलेल्या फॉर्मचा उपयोग एकेका माणसाचे गुण मोजून त्याला तपासणीला पाठवण्यापुरता होतो. कोणत्या गावात खोकला जास्त, हे त्यातून कुणी काढत नाही.

अशा साध्या नोंदींमधून काय निघू शकतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या युटा खोऱ्यात आहे. तिथे प्रोव्हो शहराजवळ जिनिव्हा नावाचा पोलाद कारखाना होता. कामगार-मालक वादात तो ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ बंद राहिला. आर्डेन पोप हे तिथल्या विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, डॉक्टर नव्हेत. त्यांनी परिसरातल्या रुग्णालयांतल्या भरतीच्या नोंदी काढल्या आणि कारखाना चालू असलेले हिवाळे बंद असलेल्या हिवाळ्याशी ताडून पाहिले. चालू हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्याने भरती होणारी मुलं दुप्पट-तिप्पट होती. १९८९ला हा निबंध छापून आला आणि पुढे जगभरच्या हवेच्या मानकांमागे जे संशोधन उभं राहिलं त्याचा हा एक पाया ठरला.

दुसरं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं, कारण ते उसाचंच आहे. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातल्या अराराक्वारा शहराभोवती तोडणीआधी उसाचे फड पेटवत. मार्कोस आर्बेक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५च्या जून ते ऑगस्टमध्ये शहरात पाणी भरलेली चार भांडी ठेवली. त्यांत पडलेली राख रोज वजन केली आणि एका रुग्णालयात त्या दिवशी किती जणांना वाफारा द्यावा लागला ते लिहिलं. राख वाढली की वाफारा घेणारे वाढत होते. पुढच्या अभ्यासात जाळण्याच्या हंगामात दम्याच्या भरती जवळपास निम्म्याने जास्त निघाल्या. २००२ मध्ये साओ पावलोने फड जाळणं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. पाण्याची चार भांडी आणि एक रजिस्टर एवढ्यावर ही सुरुवात झाली होती.

ढोकीचा कारखाना वर्षानुवर्षं बंद होता आणि आता चालू आहे. इतरही कारखाने दुष्काळात बंद राहिले, पाऊस झाल्यावर पेटले. पोप यांना एक बंद हिवाळा मिळाला. आपल्याकडे असे कितीतरी हिवाळे नोंदवह्यांत पडून आहेत. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. तिथल्या समाजवैद्यक विभागाच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी यापेक्षा जवळचा, स्वस्त आणि गरजेचा विषय मिळणार नाही. जुन्या वह्या वाळवीच्या आधी काढल्या पाहिजेत, एवढंच.

असं मोजलं की कारखाना बंद पडेल, ही भीती दाखवली जाईल. ती खोटी आहे. जिनिव्हाचा कारखाना पोप यांच्या निबंधानंतरही बरीच वर्षं चालला. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यात २०२१च्या मे महिन्यात, कोविडची दुसरी लाट भरात असताना, इथेनॉल प्रकल्पाची यंत्रणा बदलून वैद्यकीय ऑक्सिजन तयार केला गेला. देशातला तसा तो पहिला प्रयोग म्हणून गाजला. मनात आणलं तर साखर कारखान्याचे अभियंते काही आठवड्यांत काय करू शकतात, हे त्यांनीच दाखवलं आहे. अशा माणसांना चिमणीतली राख आवरता येत नाही, हे मी मानणार नाही.

आणि घाई करायला कारण आहे. इथेनॉलच्या धोरणाने आसवन्यांना वर्षभर काम मिळालं. उसाची मळी संपली की मका. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघतं. ते घट्ट करून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडवर, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळावर, टाकून खत करतात. पहिल्याची राख चिकट आणि क्षारांची, दुसऱ्याचा वास दोन-तीन किलोमीटर जातो. चार-पाच महिने सोसून उरलेलं वर्ष मोकळा श्वास घ्यायचा, हा जुना हिशेब आता धरता येत नाही.

प्रत्येक कारखान्याला राज्य प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागतं. चिमणीची उंची, कोणतं यंत्र बसवायचं, किती कण चालतील, सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि ही पत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. सहकारी कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाचा दर, साखरेचा उतारा, कामगारांचा बोनस यांवर तासन्‌तास बोललं जातं. स्क्रबर हंगामात किती दिवस बंद होता, हे विचारायला सभासदाला कुणाची परवानगी लागत नाही. खाजगी कारखान्याला सभा नाही, पण त्याच्या हद्दीतल्या ग्रामपंचायतीला ग्रामसभा आहे. एकट्याने विचारलं तर ऊस फडात राहतो, ठरावाने विचारलं तर राहत नाही. म्हणून ठराव करावा.

बाकी राहिली वही. ज्या आरोग्य केंद्राच्या हद्दीत चिमणी आहे तिथे नेब्युलायझर दिलेल्या प्रत्येकाची तारीख, वय, गाव आणि काम एवढं लिहायला लागावं, आणि टोळीतल्या मुलांची नोंद गाळू नये. थंडीत खोकला तसाही वाढतो, तेव्हा चिमणीपासून पंचवीस-तीस किलोमीटर लांबच्या एका केंद्रातही तीच वही ठेवावी लागेल, म्हणजे थंडीचं किती आणि धुराचं किती हे वेगळं काढता येईल. सुरुवात मोळी पडायच्या आधी करायला हवी. काही कारखान्यांचे बॉयलर हे वाचेपर्यंत पेटले असतील, सगळ्यांचे नाही.